तोफेची किंमत आणि माझे चुकलेले गणित





या पत्रकात धर्मगुरूने चार बोधाच्या गोष्टी लिहाव्यात अशी अपेक्षा असते. आज मात्र मला आधी माझी एक चूक कबूल करायची आहे. ती चूक मी वेदीसमोर उभे राहून, तुम्हा सर्वांच्या देखत केली होती. तेव्हा तिची दुरुस्तीही सर्वांच्या देखत व्हावी हे बरे.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतरचा तो रविवार तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. सोयाबीन शेतातच कुजले होते, कापसाची बोंडे काळी पडली होती, आणि मिस्सेला आलेल्या माणसांच्या चेहऱ्याकडे पाहवत नव्हते. प्रवचनात मी मदतीच्या रकमेविषयी बोललो आणि बोलता बोलता म्हणालो, “एका क्षेपणास्त्राच्या किमतीत आपल्या तालुक्यात किती शाळा उभ्या राहिल्या असत्या, किती घरांची चूल पेटली असती, याचा कोणी हिशेब केला आहे का?” दोन-चार जणांनी माना डोलावल्या. मागच्या बाकावरून कोणी तरी “बरोबर आहे” असेही म्हणाले. खरे सांगतो, मला ते ऐकून बरे वाटले.

मिस्सेनंतर आपल्यातलेच एक निवृत्त हवालदार मला भेटायला सॅक्रिस्टीत आले. त्यांचा मुलगाही आता सैन्यात आहे. ते रागावले नव्हते. हात जोडून इतकेच म्हणाले, “फादर, तुम्ही त्या किमतीत माझ्या पोराला धरलं का नाही धरलं?” माझ्याकडे उत्तर नव्हते. तोवर बाहेर अंगणात आवाज चढले होते. ज्यांचे सगळे रान पाण्याखाली गेले होते असे एक शेतकरी बंधू माझेच वाक्य हवालदारांच्या भावकीतल्या एका तरुणाला ऐकवत होते. तो तरुण त्यांना देशद्रोही म्हणाला. त्यावर शेतकरी बंधूंनी त्याला एका पक्षाचा चमचा म्हटले. पक्षांची नावे मी लिहीत नाही. ती अदलाबदल करून लिहिली असती तरी भांडण तसेच झाले असते. त्या दिवसापासून मिस्सेत ‘एकमेकांना शांतीचे चिन्ह द्या’ असे मी म्हणतो तेव्हा ही दोन घरे एकमेकांकडे पाठ फिरवतात. मला ते वेदीवरून दिसते.

म्हणून हा लेख. देशाने शस्त्रांवर किती आणि भाकरीवर किती खर्च करावा, या वादात ख्रिस्ती माणसाने कसे बोलावे? कोणत्या पक्षाला मत द्यावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि तशी इच्छाही नाही.

आधी माझ्या गणिताची चूक पाहू. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६,८१,२१० कोटी रुपये ठेवले होते. एकूण अर्थसंकल्पाच्या ते सुमारे साडेतेरा टक्के होतात. त्याच वर्षी ग्रामीण रोजगार हमीसाठी ८६,००० कोटी होते. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की कोणाच्याही मनात कालवाकालव होईल. पण संरक्षणाच्या त्या रकमेतले १,६०,७९५ कोटी रुपये निवृत्तिवेतनाचे होते. म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा तोफेत किंवा विमानात जात नाही. तो महाराष्ट्रातल्या, पंजाबातल्या, गढवालातल्या खेड्यांमधल्या म्हाताऱ्या जवानांच्या आणि त्यांच्या विधवांच्या पासबुकात जातो. आपल्या हवालदारांची चूलही त्याच पैशावर पेटते. उरलेल्या रकमेतूनही जवानांचे पगार, शिधा, कपडे, औषधपाणी भागवायचे असते. आणि त्याच अर्थसंकल्पात सरकारच्या जुन्या कर्जाचे नुसते व्याजच १२,७६,३३८ कोटी रुपये होते, संरक्षणाच्या जवळजवळ दुप्पट. त्या व्याजावरून अंगणात कोणी कधी भांडलेले मी पाहिलेले नाही. त्याला ना गणवेश असतो, ना झेंडा.

दुसरी चूक याहून खोल आहे. क्षेपणास्त्र विकत घेतले नाही म्हणून वाचलेला पैसा आपोआप बोरीच्या शाळेत येत नाही. तो कुठेही जाऊ शकतो. श्रीमंतांच्या करसवलतीत जाईल, जाहिरातीत जाईल, एखाद्या पुतळ्यात जाईल. जो माणूस म्हणतो की ‘हा पैसा गरिबाला द्या’, त्याने तो गरिबापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारीही घेतली पाहिजे. मी घेतली नव्हती. सेमिनरीत आम्हाला कांट नावाचा जर्मन तत्त्ववेत्ता शिकवला होता. त्याचे एक म्हणणे परीक्षेपुरते पाठ केले होते, ते त्या दिवशी मला लागू पडले. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका, असे तो सांगतो. मी त्या प्रवचनात बुडालेल्या शेतकऱ्याचा साधन म्हणून वापर केला. त्याच्या दुःखाच्या खांद्यावर उभे राहून मी माना डोलावून घेतल्या. आणि त्याच न्यायाने, कोणताही प्रश्न विचारला की ‘सीमेवर जवान उभा आहे’ असे म्हणून जो तोंड बंद करतो, तोही जवानाचा साधन म्हणूनच वापर करतो. जवान बिचारा तिकडे थंडीत उभा असतो. आपले नाव कोणाच्या भांडणात वापरले जात आहे याची त्याला खबरही नसते.

मग काय, गप्प बसायचे? नाही. गप्प बसल्याने काय होते हे आपल्या भागाला तरी ठाऊक असायला हवे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता. १९१८ मध्ये ब्रिटिश हवाई दलाची ११० क्रमांकाची तुकडी फ्रान्समध्ये लढायला गेली. तिची विमाने निजामाने भेट दिलेली होती. प्रत्येक विमानावर तसे लिहिलेले असे, आणि त्या तुकडीच्या नावाला हैदराबादचे नाव कायमचे चिकटले. पैसा राज्याच्या खजिन्यातून गेला की निजामाच्या खाजगी तिजोरीतून, हा तपशिलाचा भाग झाला. दोन्ही तिजोऱ्या भरत होत्या त्या रयतेच्या साऱ्यातून. बोरी-जिंतूरच्या कुळांनी ज्वारी विकून भरलेल्या साऱ्याचा काही अंश फ्रान्सच्या आकाशात उडाला असेल, असे म्हणायला हरकत नाही. त्यांना कोणी विचारले नाही. विचारायला सभागृह नव्हते, निवडणूक नव्हती, वर्तमानपत्र वाचणारेही फारसे नव्हते. शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथात इस्राएल लोक राजा मागतात, तेव्हा संदेष्टा त्यांना बजावतो की तो तुमची मुले रथांसाठी नेईल आणि तुमच्या धान्याचा दहावा हिस्सा घेईल. आमच्या आजोबा-पणजोबांनी तर राजा मागितलाही नव्हता.

त्याच काळात ब्रिटिश मुलुखात मात्र विचारणारा एक मराठी माणूस होता, गोपाळ कृष्ण गोखले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा हा मुलगा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत होता, आणि सरकारी आकडे वाचायला बसला की सुटका नसे. १८९७ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे लंडनला जाऊन त्याने साक्ष दिली. हिंदुस्थानच्या सरहद्दीबाहेरच्या साम्राज्याच्या लढायांचा खर्च हिंदी शेतकऱ्याच्या माथी का, हा त्या काळच्या नेत्यांचा मोठा प्रश्न होता. पुढे ते व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गेले आणि २६ मार्च १९०२ रोजी अर्थसंकल्पावरचे त्यांचे पहिले भाषण झाले. समोर लॉर्ड कर्झन बसलेले. नुकताच मोठा दुष्काळ होऊन गेलेला, आणि सरकारच्या हिशेबात मात्र कोट्यवधी रुपयांची शिल्लक. सरकार म्हणे, ही भरभराटीची खूण आहे. गोखल्यांनी दाखवून दिले की लोक उपाशी असताना तिजोरी फुगते ती भरभराट नव्हे, कर गरजेपेक्षा जास्त घेतल्याची ती खूण आहे.

त्यांनी धरून ठेवलेली एक मागणी मला फार आवडते, कारण ती अगदी साधी होती. मिठावरचा कर कमी करा. तेव्हा मणाला अडीच रुपये कर होता. मीठ राजालाही लागते आणि मजुरालाही लागते, पण मजुराच्या मिळकतीत मिठाच्या कराचा वाटा मोठा पडतो. १९०३ मध्ये कर दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीड रुपयावर, आणि १९०७ मध्ये एक रुपयावर. हे सगळे एकट्या गोखल्यांमुळे झाले असे म्हणणे बरोबर होणार नाही, पण दरवर्षी उभे राहून मागणारा माणूस तिथे होता. आणि कर कमी झाला तेव्हा त्यांनी त्याच सरकारचे मोकळेपणाने अभिनंदनही केले. आजच्या आपल्या पुढाऱ्यांमध्ये हा गुण मला कमी दिसतो. विरोधकाने चांगले केले तर घशातून शब्द फुटत नाही.

लष्करी खर्चाविषयी गोखले कसे बोलत ते पाहण्यासारखे आहे. सेनापती किचनर तेव्हा फौजेच्या फेरमांडणीची मोठी खर्चिक योजना राबवीत होते. कारण दिले जात होते रशियाच्या भीतीचे. फौजच नको असे गोखल्यांनी कधी म्हटले नाही. त्यांनी विचारले, रशियाची भीती आता किती उरली? जपानशी झालेल्या युद्धात रशियाचा पराभव झालेला आहे, इंग्लंड आणि जपान यांचा मैत्रीचा तह झालेला आहे, मग ही योजना थांबवून तो पैसा शिक्षणाकडे का वळवू नये? म्हणजे धोका किती खरा आहे ते त्यांनी आधी तपासले आणि मग आकडा तपासला. माझ्या प्रवचनात यातले काहीच नव्हते. मी नुसता आकडा भिरकावला.

गोखल्यांना यश आले असे मात्र समजू नका. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना टप्प्याटप्प्याने सक्तीचे शिक्षण द्यावे, आणि तेही जिथली स्थानिक संस्था तयार असेल तिथेच, एवढीच माफक मागणी होती. वर्षभराने १३ विरुद्ध ३८ मतांनी ते फेटाळले गेले. विरोधात केवळ इंग्रज अधिकारी नव्हते. आपल्यातले काही बडे जमीनदारही होते, ज्यांना कुळाचे पोर शाळेत गेलेले परवडणारे नव्हते. बंधुभगिनींनो, आपल्यापैकी कितीकांचे आजोबा अंगठाबहाद्दर होते, त्याचे एक कारण त्या ३८ मतांमध्येही आहे.

स्वातंत्र्यानंतर खर्च आपला झाला, वादही आपला झाला, आणि त्यात पक्ष शिरले. यातला सर्वांत गाजलेला वाद मुंबईतच रंगला. १९६२ च्या फेब्रुवारीत उत्तर मुंबईत लोकसभेची निवडणूक झाली. एका बाजूला संरक्षणमंत्री कृष्ण मेनन, दुसऱ्या बाजूला आचार्य कृपलानी. मेनन यांनी संरक्षण खात्याचा पैसा वाया घालवला आणि देश चीनपुढे उघडा ठेवला, असा आरोप कृपलानींनी आदल्या वर्षी लोकसभेत केला होता. याच कृपलानींनी काही वर्षांपूर्वी, लष्करी खर्च वाढत चालला तेव्हा, गांधीजींच्या देशाला हे शोभत नाही असेही म्हटले होते. यावर कोणी हसेल. मी हसणार नाही. परिस्थिती बदलली तर मत बदलणे हा प्रामाणिकपणा असू शकतो. पण खुर्ची बदलली म्हणून मत बदलले असेल तर तो प्रामाणिकपणा नव्हे, आणि या दोहोंतला फरक बाहेरून सहसा दिसत नाही, ज्याचा त्यालाच ठाऊक असतो. मेनन लाखाहून जास्त मतांनी निवडून आले. ऑक्टोबरात चीनने हल्ला केला. नोव्हेंबरात मेनन यांना मंत्रिमंडळातून जावे लागले आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे आपले लोक तेव्हा अभिमानाने म्हणू लागले.

मग बिल आले. १९६३-६४ च्या अर्थसंकल्पात संरक्षणाला ८६७ कोटी रुपये ठेवले गेले, आदल्या वर्षीच्या मूळ अंदाजाच्या दुपटीहून जास्त. मोरारजी देसाई अर्थमंत्री होते. सक्तीच्या ठेवीची योजना आली. सुवर्ण नियंत्रण आले. चौदा कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचा नवा दागिना घडवायचा नाही असा नियम झाला, आणि देशभरातल्या सोनारांच्या भट्ट्या एका रात्रीत विझल्या. त्यांतल्या काहींनी आत्महत्या केल्या. हा युद्धाचा खर्चच होता, पण तो संरक्षणाच्या रकान्यात कुठेही लिहिलेला सापडत नाही. तो सोनाराच्या घरात लिहिला गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृपलानींनी नेहरू सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला, आणि डॉ. राममनोहर लोहियांनी सभागृहाला विचारले की या देशातले सत्तावीस कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात हे तुम्हाला माहीत आहे काय? सरकार म्हणाले, तीन नव्हे, पंधरा. या तीन की पंधरा आण्यांवरून मोठी खडाजंगी झाली. चीनच्या हल्ल्याला तेव्हा वर्षही झाले नव्हते. तरी तो प्रश्न विचारला गेला आणि पंतप्रधानांनी उभे राहून त्याला उत्तर दिले. ही गोष्ट मला आकड्यापेक्षा मोठी वाटते.

आणखी एक गोष्ट, जी मुंबईच्या ख्रिस्ती माणसाला माहीत असते, पण आपल्याकडे कमी सांगितली जाते. डिसेंबर १९६४ मध्ये मुंबईला आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद भरली आणि पोप सहावे पॉल भारतात आले. भारताच्या भूमीवर पाय ठेवणारे ते पहिले पोप. ४ डिसेंबरला त्यांनी पत्रकारांच्या हाती जगासाठी एक विनंती दिली. राष्ट्रांनी शस्त्रांची स्पर्धा थांबवावी, आणि शस्त्रांवर होणाऱ्या खर्चाचा निदान काही भाग गरीब देशांसाठी एका जागतिक निधीत द्यावा. पुढे १९६७ मध्ये ‘पोपुलोरुम प्रोग्रेसिओ’ या आपल्या परिपत्रकात त्यांनी मुंबईच्या या आवाहनाची पुन्हा आठवण करून दिली. आता विचार करा, हे ते कोणत्या देशात बोलत होते? दोन वर्षांपूर्वी हरलेल्या आणि फौज वाढवत असलेल्या देशात. तुम्ही शस्त्रे टाका असे ते आपल्याला म्हणाले नाहीत. आवाहन सगळ्या राष्ट्रांना होते, आणि मागितला होता ‘काही भाग’. मी प्रवचनात तेवढाही हिशेबीपणा दाखवला नाही. जाताना त्यांनी आपल्याला भेट मिळालेली पांढरी मोटार मदर तेरेसांना देऊन टाकली. मदरनी तिची सोडत काढून पैसा कुष्ठरोग्यांच्या कामाला लावला. तो जागतिक निधी त्यांच्या मनासारखा कधी उभा राहिला नाही. मोटारीचा पैसा मात्र पोहोचला.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वसभेनेही १९६५ मध्ये दोन्ही गोष्टी एकाच दस्तऐवजात सांगितल्या आहेत. शांततेचे सगळे उपाय थकल्यावर राष्ट्राला स्वतःचे रक्षण करण्याचा हक्क आहे, आणि जवान आपले काम नीट करतो तेव्हा तो शांततेचीच सेवा करतो. आणि शस्त्रांची चढाओढ हा मानवजातीला लागलेला घोर रोग असून त्याचा मार गरिबाला सोसवेनासा होतो. आपल्यातले एक घर यातले पहिले वाचते आणि दुसरे घर दुसरे. मी स्वतः त्या रविवारी दुसरेच वाचले.

हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. २००७ मध्ये अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष बुश यांनी मे महिन्यात इराक युद्धाच्या खर्चाचे विधेयक नाकारले, कारण विरोधी पक्षाने त्यात सैन्य परत आणण्याची मुदत घातली होती. ऑक्टोबरात त्यांनी गरीब घरांतल्या मुलांच्या आरोग्य विम्याचा विस्तार करणारे विधेयकही नाकारले. विरोधकांनी दोन्ही आकडे शेजारी ठेवून रान उठवले. पण युद्धाचा पैसा शेवटी त्याच विरोधकांच्या बहुमताच्या सभागृहाने मंजूर केला. जवानाला उपाशी ठेवले हा ठपका कोणालाच नको होता.

मला सांगायची आहे ती कसोटी इथे येते. जो प्रश्न मी आज विचारतो, तोच माझ्या आवडीचा पक्ष सत्तेवर असतानाही मी विचारला असता का? शेतकरी बंधूंनी स्वतःला विचारावे, आणि त्या तरुणानेही विचारावे. त्याचा पक्ष विरोधात असताना संरक्षणाच्या खरेदीवर प्रश्न विचारणारे त्याला देशद्रोही वाटत होते की देशभक्त? उत्तर मला सांगू नये, पापनिवेदनातसुद्धा नको. पण स्वतःला खरे सांगावे.

या वादातून चांगलेही निघू शकते, आणि त्याचे उदाहरण आपल्या भागातल्या जुन्या लोकांना सांगायला नको. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेशचे युद्ध संपले. लाखो निर्वासितांना महिनोन्महिने पोसून देशाची तिजोरी थकली होती. त्याआधीच पत्रावर पाच पैशांचे निर्वासित मदतीचे जादा तिकीट लावणे सुरू झाले होते. अर्थमंत्री यशवंतरावच होते. आणि पुढच्याच वर्षी बाहत्तरचा दुष्काळ आला. साठी ओलांडलेल्यांना तो आठवतो. मिलोची लाल ज्वारी, सुकडी, आणि रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या बाया. त्या वेळी ‘आताच युद्ध झाले आहे, पैसा नाही’ असे म्हणून हात वर करणे सरकारला फार सोपे होते. पण कामे निघाली, लाखोंनी माणसे कामावर आली. आणि त्याच अनुभवातून, वि. स. पागे यांच्या कल्पनेला धरून, रोजगार हमीचा कायदा झाला. तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागणाऱ्याला काम मिळण्याचा हक्क त्याने दिला. त्याच्या पैशासाठी १९७५ पासून शहरातल्या नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला होता. मुंबईतला कारकून आपल्या पगारातून जिंतूर तालुक्यातल्या बाईच्या मजुरीला थोडे देत होता, आणि ते कायद्याने. या कराचा सगळा पैसा त्या कामावर लागला नाही अशी टीका पुढे झाली, ती खोटी नव्हती. पण एकदा कायद्यात हक्क लिहिला गेला, की कोणत्या मंत्र्याला कोणत्या वर्षी काय महत्त्वाचे वाटते यावर गरिबाचे काम पूर्णपणे अवलंबून राहत नाही.

आणि थोडे इकडे पाहा. आपल्याच तालुक्यातले पूर्णेवरचे येलदरी धरण १९६८ मध्ये पुरे झाले. म्हणजे चीनचे युद्ध, मग १९६५ चे पाकिस्तानचे युद्ध, हे चालू असताना इथे दगडावर दगड चढत होता. त्या दहा वर्षांत कोणी तरी दरवर्षी कागदावर बसून ठरवले असणार की फौजेला एवढे आणि या भिंतीला एवढे. तो कागद लिहिणाऱ्याला अंगणात भांडून चालले नसते.

लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशू एका राजाचा दाखला देतो. लढाईला निघण्याआधी तो खाली बसून विचार करतो की माझ्या दहा हजारांनी त्याच्या वीस हजारांना तोंड देता येईल का. त्याच्या आधीचा दाखला बुरूज बांधणाऱ्याचा आहे. तोही आधी बसून खर्च काढतो. प्रभूने हे दाखले शिष्यत्वाची किंमत समजावी म्हणून सांगितले, सरकारी हिशेबासाठी नव्हे, हे मला कळते. पण दोन्ही माणसे आधी खाली बसतात हे मला या वेळी नव्याने दिसले. मी उभ्या उभ्या बोललो होतो.

हवालदारांची मी घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा दिला आणि मुलाचा फोटो दाखवला. त्यांचा प्रश्न मी त्यांनाच परत विचारला, “बाबा, त्या किमतीत शेतकऱ्याच्या पोरालाही धरायचं ना?” ते म्हणाले, “धरायलाच पाहिजे. माझंही रान गेलंय की, फादर. तीन एकर. ते तुम्हाला कुणी सांगितलंच नाही.” हे मला खरोखरच माहीत नव्हते. ज्या दोन घरांना मी दोन बाजू समजत होतो, त्यांपैकी एक घर दोन्ही बाजूंना होते.

शेतकरी बंधूंकडेही गेलो. ते म्हणाले, तुमचं वाक्य बरोबरच होतं, तुम्ही भ्यालात. कदाचित त्यात थोडे तथ्य असेल. मी त्यांना सांगितले की मदत कमी पडली हे मी आजही म्हणतो, आणि पुन्हाही म्हणेन. फक्त यापुढे ते म्हणताना जवानाच्या पगाराकडे बोट दाखवणार नाही. कोणाच्या नावे किती मंजूर झाले आणि किती पोहोचले, हे विचारीन.

येत्या ग्रामसभेत आपल्या गावाच्या वर्षाच्या जमाखर्चाचे वाचन होईल. तिथे बसून ते शांतपणे ऐकावे, वहीत लिहून घ्यावे आणि न कळलेले विचारावे, यासाठी माझ्याबरोबर याल का, असे मी दोघांनाही विचारले आहे. हवालदार येतो म्हणाले. दुसऱ्यांनी अजून उत्तर दिलेले नाही.

तुमचा धर्मगुरू